चॅप्लिनचे मौन आणि १८४३ चा कायदा (धागा)

१/
डोक्यावर गोल टोपी, हातात वेताची काठी, ढगळ विजार आणि नाकाखाली चिमुकली मिशी. चार्ली चॅप्लिनचा हा भटक्या बोलत का नसे, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: त्या काळी चित्रपटच मूक होते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. चॅप्लिन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तेव्हा न बोलता हसवण्याची विद्या तो आधीच शिकून आला होता. त्या विद्येच्या मुळाशी एक कायदाही होता. आजचा धागा त्याविषयी.

२/
इंग्लंडात १७३७ पासून नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी लॉर्ड चेंबरलेन या दरबारी अधिकाऱ्याकडून संमत करून घ्यावी लागे. १८४३ च्या थिएटर्स ॲक्टने परवान्यांची नवी घडी बसवली. नाटकगृहांना नाटकाचा परवाना मिळाला. प्रेक्षकांना मद्य पाजून करमणूक करणाऱ्या 'म्युझिक हॉल'ना मात्र गाण्या-नाचाचीच मुभा राहिली. रंगभूमीवरील या इंग्रजी अंमलाची आपल्यालाही ओळख आहे. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याच्या आधारेच १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर बंदी आली होती.

३/
म्युझिक हॉल हे प्रामुख्याने कष्टकऱ्यांचे करमणुकीचे ठिकाण. एकाच रात्री गायक, जादूगार, कसरतपटू आणि नकलाकार तेथे हजेरी लावत. त्यांच्या जोडीला 'स्केच', म्हणजे छोटे विनोदी प्रहसन, लोकप्रिय होऊ लागले. पण पात्रांनी संवाद म्हटले की ते 'नाटक' ठरण्याची भीती असे. गिऱ्हाईक पळते म्हणून नाटकगृहांचे चालक तक्रारी करत आणि हॉलच्या चालकांना दंड भरावा लागे.

४/
ही अडचण ज्याने पचवली त्याचे नाव फ्रेड कार्नो. मूळचा कसरतपटू. १८९० च्या दशकात त्याने जवळजवळ शब्दहीन प्रहसनांची कंपनी उभी केली. पडणे, धडपडणे, मारामारी, नजरेचे इशारे, सारे काही ठेक्यात. यामागे मूकाभिनयाची जुनी इंग्रजी परंपरा आणि कार्नोची कसरतीची तालीमही होती, हे विसरू नये. पण जिथे शब्द महाग पडत होते, तिथे देहाची भाषा फोफावली हे खरे.

५/
चॅप्लिनचा जन्म १८८९ चा. आई हॅना आणि वडील चार्ल्स, दोघेही म्युझिक हॉलचे गायक. वडील घराबाहेर, मद्याच्या आहारी. १९०१ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आईचा आवाज बिघडला आणि उपजीविका गेली. सात वर्षांच्या चार्लीला १८९६ मध्ये आई आणि थोरला भाऊ सिडनी यांच्यासह वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांच्या आश्रयगृहात, जावे लागले. पुढे आईचे मानसिक संतुलनही ढासळले.

६/
आवाज गमावलेली ही आई खिडकीशी बसून रस्त्यावरच्या माणसांची चाल, हातवारे आणि मुद्रा हुबेहूब करून दाखवी. माणसे निरखायला आपण तिच्याकडून शिकलो, असे चॅप्लिनने पुढे सांगितले आहे. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास तो 'एट लँकशायर लॅड्स' या बालनर्तकांच्या चमूत दाखल झाला. मग शेरलॉक होम्सच्या नाटकात बिली या पोऱ्याची भूमिका त्याने गावोगाव केली.

७/
सिडनी आधीच कार्नोच्या कंपनीत होता. त्याच्या खटपटीने १९०८ मध्ये चार्लीला संधी मिळाली. 'द फुटबॉल मॅच' या प्रहसनात तो पाठमोरा रंगमंचावर आला: रुबाबदार पोशाख, हातात काठी. मग वळला आणि लाल रंगवलेले नाक दिसताच प्रेक्षागृह हसले. हा प्रसंग त्याने आत्मचरित्रात लिहिला आहे. एकही शब्द न उच्चारता त्याने पात्राची ओळख करून दिली होती.

८/
कार्नोचे सर्वांत गाजलेले प्रहसन 'ममिंग बर्ड्स', १९०४ चे. रंगमंचावरच एक लहान म्युझिक हॉल उभारलेला. त्यात सुमार कलाकार एकामागून एक येतात आणि बाजूच्या सज्जात बसलेला एक मद्यधुंद श्रीमंत त्यांचा फज्जा उडवतो. हा मद्यपी चॅप्लिनने रंगवला आणि त्यावरच त्याचे नाव झाले. वडिलांना मद्याने गिळलेले पाहिलेला तरुण रोज रात्री मद्यप्याची भूमिका करून लोकांना हसवत होता.

९/
याच कंपनीत चॅप्लिनचा बदली नट होता स्टॅन जेफरसन, म्हणजे पुढचा स्टॅन लॉरेल. विनोदात मध्येच कारुण्याची एक रेघ ओढायची, ही कार्नोची शिकवण असल्याचे त्याने सांगितले आहे. 'द किड'मधील अश्रू पाहताना हे आठवावे.

१०/
१९१० आणि १९१२ मध्ये कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यांवर गेली. तिथेच चित्रपटवाल्यांची नजर चॅप्लिनवर पडली. १९१३ मध्ये, ज्या वर्षी मुंबईत फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला, त्याने आठवड्याला १५० डॉलर पगारावर कीस्टोन कंपनीशी करार केला. फेब्रुवारी १९१४ मध्ये भटक्या पहिल्यांदा पडद्यावर आला. १९१६ मध्ये म्युच्युअल कंपनीने त्याला वर्षाला ६,७०,००० डॉलर देऊ केले.

११/
तो काही रिकाम्या हाताने आला नव्हता. १९१५ चा त्याचा 'अ नाइट इन द शो' म्हणजे 'ममिंग बर्ड्स'चेच चित्रपटरूप. कायद्याच्या सावलीत वाढलेल्या कलेला असे माध्यम सापडले होते, जिथे शब्द कोणाकडेच नव्हते. शिवाय या कलेला भाषांतर लागत नव्हते. म्हणून लंडनच्या गल्लीतला विनोद जगभर पोहोचला.

१२/
१९२७ नंतर बोलपट आले आणि भले भले मूकनट मागे पडले. चॅप्लिन मात्र अडून बसला. १९३१ च्या 'सिटी लाइट्स'मध्ये संगीत आहे, संवाद नाहीत. प्रारंभीच्या भाषणबाजांच्या तोंडी तर त्याने निव्वळ पिपाणीसारखे आवाज घातले. त्याच वर्षी लंडनमध्ये त्याची गांधीजींशी भेट झाली आणि यंत्रांविषयी बोलणे झाले. पुढचा चित्रपट होता १९३६ चा 'मॉडर्न टाइम्स'.

१३/
या चित्रपटात प्रेक्षकांनी भटक्याचा आवाज प्रथमच ऐकला. उपाहारगृहात त्याला गाणे म्हणायचे असते. शब्द आठवत नाहीत म्हणून ते शर्टाच्या बाहीवर लिहिलेले, आणि नाचाच्या पहिल्याच झटक्यात बाही उडून जाते! मग तो कुठल्याच भाषेत नसलेल्या शब्दांत गातो आणि सारी गोष्ट हातवाऱ्यांनी सांगतो.

१४/
म्हणजे बोलायची वेळ आली तेव्हाही भटक्याने शब्द उडवून लावले आणि म्युझिक हॉलची जुनी विद्या बाहेर काढली. १९४० च्या 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये चॅप्लिन अखेर मनापासून बोलला, पण हिटलरच्या काळात, हुकूमशाहीविरुद्ध. तोवर भटक्या पडद्याआड गेला होता.

१५/
कायद्याने प्रतिभा निर्माण होत नाही, तशी ती दारिद्र्यानेही होत नाही. वर्कहाउसमधून असंख्य मुले गेली, त्यांतली बहुतेक नावानिशी विसरली गेली. पण एखादी कला अशीच का घडली, हे समजून घ्यायचे तर कलावंतासोबत त्याच्या काळातले परवाने, दंड आणि पगारही पाहावे लागतात. पुढच्या वेळी भटक्याला निःशब्द पाहाल तेव्हा खिडकीशी बसलेली ती आई आणि लंडनचे ते धुराने भरलेले हॉल आठवून पाहा.