घटिकापात्र ते मनगटी घड्याळ : अचूकतेच्या कारागिरीचा इतिहास

१/ एखाद्या स्वतंत्र कारागिराने हाताने घडवलेल्या यांत्रिक मनगटी घड्याळाची किंमत अनेक लाखांत जाते. तरी ते दिवसाकाठी काही सेकंद चुकते. काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अचूक असते. मग ही किंमत कशाची? या प्रश्नाचा एक धागा वऱ्हाडाशेजारच्या खानदेशात सापडतो. #थ्रेड

२/ सूर्यसिद्धान्तात घटिकापात्राचे वर्णन आहे. तळाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र स्वच्छ पाण्यावर ठेवावे. अहोरात्रात ते ६० वेळा बुडावे. एक बुडणे म्हणजे एक घटका, अर्थात २४ मिनिटे. लग्नाचा मुहूर्त याच पात्रावर साधला जाई. ‘घटकाभर बसा’ म्हणताना आपण आजही त्याच पात्राचे माप वापरतो.

३/ खरी कसोटी छिद्राची. ते किंचित मोठे झाले, की पात्र लवकर बुडते. म्हणून जुन्या ग्रंथांनी तांब्याचे वजन आणि पात्राची मापे आखून दिली. तसे पात्र घडवणे मात्र अत्यंत कठीण होते.

४/ भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) सोपी वाट दाखवली. पात्र अर्धगोल असावे, तळाला छिद्र असावे. अहोरात्रात ते किती वेळा बुडते हे मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्राला भागावे. ७२ वेळा बुडाले, तर एक बुडणे २० मिनिटांचे. पात्र निर्दोष नसले तरी चालेल. त्याचा दोष नेमका ठाऊक हवा.

५/ चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो, की त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला.

६/ यांत्रिक घड्याळाचा प्रश्नही हाच आहे. १६७५ मध्ये हायगेन्सने बॅलन्स चक्राला केसासारखी बारीक स्प्रिंग जोडली आणि खिशातले घड्याळ भरवशाचे होऊ लागले. सेकंदाला ५ ठोके धरले, तर दिवसाला ४,३२,००० ठोके होतात. दिवसात १० सेकंदांची चूक म्हणजे ८,६४० सेकंदांमागे एक सेकंद.

७/ म्हणून कारागीर घड्याळ उभे, आडवे, उलटे ठेवून तपासतो. प्रत्येक स्थितीत गुरुत्वाकर्षणामुळे गती थोडी बदलते. मग चक्राचा तोल आणि स्प्रिंगचे वळण पुन्हापुन्हा सुधारले जाते. मोजणे, दोष ओळखणे, सुधारणे : पद्धत तीच.

८/ पण तपासायचे कशाशी? घटिकापात्र सूर्याशी ताडले जाई. १८६७ मध्ये बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि १८७० पासून रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालू लागली. भातकुलीचा सूर्य मद्रासपेक्षा सुमारे १० मिनिटे मागे, मुंबईपेक्षा सुमारे १९ मिनिटे पुढे. गाडी पकडायची, तर सूर्य सोडून स्टेशनच्या घड्याळाचे ऐकणे भाग होते.

९/ १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. तिच्याशी ताडले, तर भातकुलीची सरासरी माध्यान्ह आजही १२ वाजून सुमारे १९ मिनिटांनी होते. हातावरचे घड्याळ कितीही अचूक असो, ते गावचा सूर्य सांगत नाही.

१०/ २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. अचूकता स्वस्त झाली आणि जगभरातील असंख्य कारागिरांचे काम गेले. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळे बनवू लागलेल्या एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला.

११/ याच पडझडीच्या काळात इंग्लंडचे जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) मोजकीच घड्याळे स्वतःच्या हातांनी घडवत राहिले. त्यांची को-अ‍ॅक्सियल रचना १९९९ मध्ये ओमेगाने स्वीकारली. २०२० मध्ये स्वित्झर्लंड-फ्रान्समधील यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

१२/ तेव्हा ती किंमत वेळ सांगण्याची नाही. चूक मोजून ती हाताने कमी करण्याच्या विद्येची आहे. तिथे त्या विद्येला ग्राहक मिळाले, म्हणून ती टिकली. घटिकापात्राचे छिद्र पाडणारा तांबट त्याच विद्येचा वारसदार होता. त्याचे नाव कुठल्या यादीत नाही. त्याची घटका तेवढी भाषेत राहिली आहे.