घरगुती कीटकसंग्रह : एक उपेक्षित ऐतिहासिक साधन

इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, शिलालेख, दफ्तरातील रुमाल आणि नाणी डोळ्यांपुढे येतात. टाचणीला टोचून पेटीत ठेवलेल्या किड्याची गणना कोणी साधनांत करीत नाही. वस्तुतः ज्याच्याखाली स्थळ व काळ यांची चिठ्ठी शाबूत आहे असा कीटक हा कागदाइतकाच, कित्येकदा कागदाहूनही अधिक विश्वसनीय पुरावा असतो. ज्या काळाविषयी शेतसाऱ्याची कागदपत्रे मुकी असतात, त्या काळी एखाद्या गावच्या शिवारात काय वावरत होते, हे तो सांगू शकतो.

महाराष्ट्रात अशा संग्रहाचा उगम शासकीय संस्थांत नव्हे, तर व्यक्तींच्या घरांत झाला. दि. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांपैकी दोघे एतद्देशीय. आपापले नमुने व टिपणे परस्परांना दाखविणे हा मूळ हेतु होता. 1884 मध्ये फिप्सन यांनी फोर्ब्ज स्ट्रीटवरील आपल्या मद्याच्या पेढीत संस्थेला जागा दिली आणि घरोघरच्या पेट्यांना एक सामाईक छप्पर मिळाले. 1886 पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनी डेव्हिडसन यांच्यासह मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांविषयी 1890 मध्ये टिपणे प्रसिद्ध केली. ती अळ्या पाळून, त्यांचे रूपांतर दिवसेंदिवस न्याहाळून सिद्ध झालेली होती.

संग्रह करण्यापेक्षा तो टिकविणे कठीण. कोकणच्या पावसाळ्यात बुरशी, वऱ्हाडच्या कोरड्या हवेत ठिसूळपणा, आणि सर्वत्र मुंग्या व मृत कीटकांवरच जगणारे बारीक भुंगेरे असे हे शत्रू. पद्धती मात्र साध्या होत्या. फुलपाखरे त्रिकोणी घडीच्या कागदात ठेवीत. पुढे ओलाव्याने सांधे मऊ करून फळीवर पंख पसरीत. टाचणी फुलपाखराच्या छातीच्या मध्यातून, तर भुंगेऱ्याच्या उजव्या कठीण पंखातून घालावी, असा संकेत रूढ झाला. कारण मध्यरेषेवरील खुणा ओळखीसाठी अखंड राहाव्या लागतात. मऊ अंगाच्या अळ्या मद्यार्कात ठेवीत. पेटीच्या तळाशी बूच, कोपऱ्यात कापूर किंवा डांबराच्या गोळ्या, आणि कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत! हा शेवटचा उपाय मराठी स्वयंपाकघरातील फडताळावरूनही परिचित आहे. डांबराच्या गोळ्यांनी भुंगेरे दूर राहतात, परंतु आत शिरलेले हमखास मरत नाहीत. म्हणून आज घट्ट बांधलेली पेटी काही दिवस अतिशीत कपाटात ठेवणे हितकर मानतात.

तथापि या सर्व खटाटोपाचे सार्थक चिठ्ठीवर अवलंबून आहे. 1885 मध्ये कर्नल स्विन्हो यांनी मुंबई व दख्खनमधील पतंग-फुलपाखरांवर लिहिले. ‘दख्खन’ एवढेच स्थलनाम चिठ्ठीवर असेल, तर त्या नमुन्यावरून घाटमाथा आणि माळरान यांतील भेद कसा कळणार? बुलढाणा तालुक्यातील धाड हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावरील या गावचा प्रदेश 1853 मध्ये वऱ्हाडाबरोबर इंग्रजी कारभाराखाली गेला. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडले गेले. 1956 मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. अशा प्रदेशातील चिठ्ठीवर केवळ प्रांताचे नाव असेल, तर ती वाचणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभव फार. गावाचे नाव, तारीख आणि कीटक कोणत्या झाडावर सापडला ही नोंद, एवढी तीन अंगे मात्र राज्यसीमांच्या फेरबदलांतून पार पडतात.

याचे महत्त्व कापसाच्या इतिहासात विशेष स्पष्ट होते. भडोच येथील कपाशीवरून 1842 च्या सुमारास पाठविलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. म्हणजे या किडीच्या लिखित इतिहासाचा आरंभच एका स्थळनिश्चित नमुन्यापासून होतो. भारतात 2002 मध्ये बीटी कपाशीस मान्यता मिळाली. पुढे या अळीने त्या वाणाविरुद्ध प्रतिकारशक्ती मिळविली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भातील कापूस उत्पादकांस तिचा जबर फटका बसला. हा बदल कोठे व केव्हा सुरू झाला, याची छाननी जुन्या, तारीखवार नमुन्यांवाचून अपुरी राहते. नीट वाळवून ठेवलेल्या कीटकांतून आज आनुवंशिक द्रव्यही काढता येते. एकेकाळी छंद म्हणून भरलेली पेटी अशा रीतीने कृषि-इतिहासाचे दफ्तर ठरते.

मात्र दफ्तर आणि लूट यांतील सीमा पाळावी लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काही फुलपाखरे व अन्य कीटक संरक्षित केले आहेत. ते अनुज्ञेवाचून पकडता येत नाहीत. शेतातील किडी, दिव्याखाली मरून पडलेले पतंग आणि घरातील भुंगेरे हे अभ्यासकाला पुरेसे क्षेत्र आहे.

घरगुती संग्रहाचे आयुष्य संग्राहकाच्या आयुष्याहून अधिक व्हावयाचे असेल, तर तो शेवटी संस्थेच्या स्वाधीन होणे आवश्यक असते. मुंबईतील त्या आठ गृहस्थांनी हेच ओळखले. वऱ्हाडातील महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील खेड्यांचे असे संग्रह चिठ्ठ्यांसह जतन केले, तर कापसाच्या या मुलखाचा इतिहास केवळ भावांच्या व साऱ्याच्या आकड्यांतून लिहावा लागणार नाही.