काळ्या कातळातले शंख

महाराष्ट्राचा काळा कातळ एकाच स्फोटात तयार झाला, असं मला शाळेत असताना वाटायचं. नागपूरजवळच्या टाकळीची हकिगत वाचली आणि तो समज गेला. १८५१च्या सुमारास पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना तिथे, लाव्हाच्या थरांमधल्या गाळात, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडले. म्हणजे खालचा लाव्हा निवला, त्यावर तळी साचली, जीव नांदले. मग पुन्हा लाव्हा आला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. वय मात्र खडकातल्या किरणोत्सर्गी द्रव्यांवरून कळतं : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. १८६३ साली हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले, तेव्हा ही मोजणी कुणालाच ठाऊक नव्हती. विहीर खणताना असा शंख निघाला, तर तो कुठल्या थरातला, एवढं लिहून ठेवा. थर विसरला, की शंख मुका होतो.