सूतिकागृहांतील अदृश्य शत्रु

पेनिसिलिनच्या विजयाची कथा सांगणारे पुष्कळ आहेत. त्या विजयानंतर शत्रूनें काय केलें हें सांगणारे थोडे. या उत्तरकथेचा भार ज्यांस विशेष सोसावा लागला तीं माणसें अवघ्या चारआठ दिवसांचीं होतीं, म्हणून त्यांची तक्रार कोणाच्या कानीं गेली नाहीं.

नवजात अर्भकाच्या त्वचेवर, नाकांत व नाळेच्या ओल्या जागीं आरंभीं जंतूंची वस्ती जवळजवळ नसते. जो प्रथम येईल तो घर करतो. घरीं तो बहुधा आईकडून येई. परंतु रुग्णालयांतील शिशुकक्षांत पाळण्यांच्या रांगा लागल्या व त्याच परिचारिका सर्व बालकांचें अंग पुसूं लागल्या, तेव्हां तो परक्या हातांवरून येऊं लागला. स्टॅफिलोकोकस ऑरिअस हा पू उत्पन्न करणारा जंतु याच वाटेनें आला.

पेनिसिलिनचा नाश करणारें द्रव्य कांहीं जंतु निर्माण करतात, हें अब्राहम व चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं १९४० सालींच प्रसिद्ध केलें होतें. पुढें लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयांत मेरी बार्बर या विदुषीनें स्टॅफिलोकोकसची परीक्षा केली. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंचें प्रमाण १९४६ सालीं शेंकडा १४, १९४७ सालीं ३८ व १९४८ सालीं ५९ भरलें. ज्यांस प्रतिकाराची विद्या अवगत नव्हती ते जंतु औषधानें मेले, आणि ज्यांस ती मुळांतच होती त्यांस रान मोकळें झालें.

१९५३ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें नवजात अर्भकांत अशाच जंतूंची उग्र सांथ उद्भवली. अंगावर पुवाचे फोड, फुप्फुसाचा दाह, रक्तांत विषप्रसार अशीं तिचीं रूपें होतीं. दूध पाजणाऱ्या माता घरीं परतल्यावर त्यांस स्तनांत गळूं होत. जंतूंनाच ग्रासणाऱ्या विषाणूंच्या साहाय्यानें जंतूंच्या जाति ओळखण्याची एक रीति आहे. तिच्या योगें फिलिस राउंट्री यांनीं हा जंतु निराळा असल्याचें ठरविलें. त्यास ८० हा क्रमांक मिळाला. उत्तर अमेरिकेंत ८१ म्हणून नोंदलेला जंतु हाच, असें मागाहून उघडकीस आलें. एकच वैरी दोन खंडांतील पाळण्यांपर्यंत पोंचला होता.

त्यास अडविण्यासाठीं जो उपाय न्यूयॉर्क येथें निघाला तो मोठा विलक्षण होता. ५०२ए नांवाचा सौम्य स्टॅफिलोकोकस ज्या बालकांवर आधीं वसला, त्यांवर ८०/८१ सहसा वसत नसे. तेव्हां १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत तो सौम्य जंतु बालकांच्या नाकांत व नाळेवर मुद्दाम लावण्यांत आला. परंतु क्वचित् तोही रोग उत्पन्न करी, म्हणून ती पद्धति मागें पडली. दरम्यान मेथिसिलिन हें नवें औषध आलें आणि ८०/८१ चा जोर ओसरला. मात्र १९६१ सालींच त्या औषधासही न जुमानणारे जंतु इंग्लंडांत आढळले.

आज ही कथा आपल्या देशांत चालू आहे. २०११ ते २०१४ या काळांत दिल्लीच्या तीन रुग्णालयांत अतिदक्षता कक्षांत ठेवलेल्या १३,५३० अर्भकांचें निरीक्षण झालें. तेथें असिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला हे जंतु अग्रभागीं होते. पैकीं असिनेटोबॅक्टरच्या शेंकडा ८२ नमुन्यांवर अनेक प्रकारचीं औषधें निष्फळ ठरलीं. रक्तदोषाचे सुमारें दोन-तृतीयांश प्रसंग जन्मानंतर पहिल्या बहात्तर तासांत घडले. बाळ डोळे उघडतें न उघडतें तोंच शत्रु दाराशीं उभा!

सेमेलवाइसनें १८४७ सालीं व्हिएन्नाच्या सूतिकागृहांत वैद्यांस हात धुवावयास लावले, तेव्हां त्याच्यापाशीं पेनिसिलिन नव्हतें. तरी मातांचे मृत्यु घटले. औषध हातीं आल्यावर मनुष्यास वाटलें कीं आतां सावधपणाची गरज उरली नाहीं. त्या समजुतीचें मोल मनुष्यजातींतील सर्वांत दुबळ्या प्राण्यानें भरलें. नवें औषध अवश्य शोधावें; परंतु पाळण्यास हात लावण्यापूर्वीं तो धुण्याची जुनी शिस्त ज्या रुग्णालयांत नाहीं, तेथें नवें औषधही थोड्याच दिवसांत जुनें होईल.