बेळगाव जिल्हा : एका महसुली हद्दीची कुळकथा

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाची चर्चा सहसा १९५६ पासून सुरू होते आणि भाषेभोवती फिरते. परंतु ज्या चौकटीत ही भाषा मोजली गेली ती 'बेळगाव जिल्हा' नावाची चौकट त्याआधी एकशेवीस वर्षे अस्तित्वात होती, आणि ती बांधली गेली ती शेतसारा वसूल करण्यासाठी.

१८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी मन्रो याने बेळगावचा किल्ला घेतला तेव्हा कित्तूरचे देसाई, निपाणीचे नाईक-निंबाळकर, कोल्हापूरचे छत्रपती आणि सांगली, मिरज, जमखंडी येथील पटवर्धन यांची गावे या मुलखात एकमेकांत मिसळलेली होती, त्यामुळे एका गावचा सारा एका दरबारी तर शिवेपलीकडच्या गावचा दुसऱ्याच दरबारी जमा होई. कंपनीने या प्रदेशाला 'सदर्न मराठा कंट्री', म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, असे नाव दिले. ते रयतेच्या बोलीवरून नव्हे, तर राज्य करणाऱ्या सरदारांवरून पडले होते, हे दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. १८२४ मध्ये कित्तूरच्या लढाईत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. पुढे १८३६ मध्ये धारवाड कलेक्टोरेटचा उत्तर भाग तोडून बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८३९ मध्ये निपाणीची जहागीर खालसा होऊन इंग्रजी अमलाखाली आली. चिकोडी, खानापूर, गोकाक, अथणी, सौंदत्ती हे तालुके एका कचेरीखाली आले. त्यांतल्या काहींत कन्नड तर काहींत मराठी प्रबळ होती, पण कलेक्टरच्या वसुलीला त्याने काही बाध येत नव्हता.

ही हद्द किती कृत्रिम होती हे शहापुरात दिसते. बेळगाव शहराला अगदी लागून असलेली ही पेठ १९४८ पर्यंत सांगली संस्थानची होती. एका वस्तीतून दुसरीत पायी जाणारा माणूस इंग्रजी मुलूख सोडून संस्थानात शिरत असे. संस्थान विलीन झाल्यावर शहापूर बेळगाव जिल्ह्यात आले आणि अवघ्या आठ वर्षांत, त्या जिल्ह्याबरोबरच, म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेले.

महसुली चौकटीत भाषेचा आशय भरला तो जनगणनेने. १८८१ च्या गणनेत बेळगाव जिल्ह्याच्या ८,६४,०१४ लोकसंख्येपैकी ५,५६,३९७ कन्नड आणि २,२५,००८ मराठी भाषक नोंदले गेले. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि देवळात दोन्ही बोलणारी माणसे या भागात आजही पावलोपावली भेटतात, पण मातृभाषेच्या रकान्यात एकच नाव बसत होते. बेल्जियन सत्तेने रुवांडात १९३० च्या दशकात माणसांच्या ओळखपत्रांवर वांशिक गट कायमचा नोंदवला आणि त्या देशाने पुढे वंशसंहाराच्या रूपाने त्याची भयानक किंमत मोजली. बेळगावात तसा संहार घडला नाही. तरीही प्रवाही ओळखीला सरकारी कागदावर ठाम करण्याची रीत तीच होती.

स्वातंत्र्यानंतर फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सामान्यतः जिल्हा हाच घटक धरला, आणि कन्नड बहुसंख्येचा म्हणून चंदगड तालुका वगळता संपूर्ण बेळगाव जिल्हा कर्नाटकाकडे देण्याची शिफारस केली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती अमलात आली. १९४६ च्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली जेथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, ते बेळगाव शहरच महाराष्ट्राबाहेर राहिले. म्हणूनच सीमाभागात महाराष्ट्र एकीकरण समिती १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणून पाळते.

मुंबई राज्याने १९५७ मध्ये केंद्राकडे निवेदन दिले. त्यात जिल्ह्याऐवजी खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, मराठी भाषकांचे सापेक्ष बहुमत, म्हणजे इतर कोणत्याही एका भाषेपेक्षा अधिक संख्या, आणि लोकेच्छा अशी चार सूत्रे होती. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेवर हरिभाऊ पाटसकर यांनी खेडे घटक धरूनच तोडगा काढला होता, त्यामुळे मागणी अवास्तव नव्हती. सीमाभागातील मराठी माणसाला तेथे मिळालेला न्याय येथे नाकारला गेला, ही भावना रास्त आहे. मात्र खेड्याचा हिशेबही त्याच मातृभाषेच्या रकान्यावर उभा होता, ही त्याची मर्यादा होती. हद्द बारीक झाली तरी मोजण्याची पद्धत बदलली नाही.

याच प्रश्नावरील सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती मेहरचंद महाजन आयोगाने पुढील वर्षी निपाणी, खानापूर आणि नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तत्कालीन म्हैसूरला द्यावीत, बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे, असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि निपाणी-खानापूरही कर्नाटकातच राहिले.

या दीर्घ भांडणात एक तरतूद सतत मागे पडत आली. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय व्हावी असे अनुच्छेद ३५०अ मध्ये नमूद केले आणि ३५०ब अन्वये त्यांच्यासाठी विशेष अधिकारी नेमण्याची तरतूद केली. सीमेचा निकाल कोणताही लागो, मराठी शाळा आणि मराठी कागदपत्रे मिळण्याचा हक्क त्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही, आणि महाराष्ट्रातील कन्नड भाषकांनाही हेच लागू आहे. सीमेच्या प्रश्नावर मात्र महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नुसार संसदेचा आहे, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी बोलावलेल्या बैठकीत निकाल लागेपर्यंत कोणीही नवा दावा करू नये आणि दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी तीन मंत्र्यांनी समन्वय साधावा, असे ठरले.