एका आकड्याची नोंद

त्र्यंबकेश्वरी गेलेल्या मनुष्यास तीर्थोपाध्याय प्रथम आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग वही उघडतात. वहीत नाव सापडले की पणजोबांपर्यंतची ओळख पटते. संगणकाच्या पोटातही हाच व्यवहार चालतो असे म्हटले, तर वाचकांना थट्टा वाटेल. पण ती थट्टा नव्हे.

संगणकात एखादे कार्ड बसवले की ते आपली ओळख दोन आकड्यांत सांगते. पहिला घराण्याचा, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा. दुसरा त्याचा स्वतःचा. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यात अशी यंत्रे हाकणारे ‘ड्रायव्हर’ असतात, आणि प्रत्येकाजवळ अशा आकड्यांचे कोष्टक असते. आकडा सापडला की ड्रायव्हर कामाला लागतो. न सापडल्यास धडधाकट यंत्रही दाराशी ताटकळत बसते. आमच्या प्रताप नगरात एका विद्यार्थ्याचे वायरलेसचे यंत्र असेच अडले, तेव्हा दुकानदाराने त्याला सरळ नवे घ्यायला सांगितले. गरिबाच्या घरी हा सल्ला महाग पडतो.

ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सची वार्ता जगाला दिली. आपल्याजवळ आहे त्याच जातीची हार्ड डिस्क यात चालेल, दुसरी बहुधा कधीच चालणार नाही, असे त्याने तेव्हाच सांगून टाकले होते. भाकीत साफ चुकले! कारण मूळ लेखन सर्वांना खुले होते. ज्याचे यंत्र अडले, तो स्वतः लेखणी घेऊन बसला.

या लेखकांत मराठी आडनावे वाचली की मला, खरे सांगतो, कादंबरीचे पात्र भेटल्यासारखे वाटते. नेटझेन कंपनीच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर ऑक्टोबर २००६ मध्ये अमित काळे यांच्या नावाने लिनक्समध्ये नोंदला गेला. सेकंदाला एक किंवा दहा अब्ज बिट वाहणारी ती कार्डे. फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० या आवृत्तीत तो सर्वांना मिळाला. घराण्याचा आकडा ४०४०. कार्डांचे आकडे १, २, ३ असे लहान लहान.

पुढे नवी चिप आली. तिचा आकडा ०१००, आणि तो कोष्टकात नव्हता. २००८ साली धनंजय फडके यांनी तिची भर घातली. आतली रचना जुनीच असेल तर अशा वेळी एक ओळ पुरते. येथे पिढीच बदलली होती, म्हणून ड्रायव्हरला नव्या चिपच्या रीतीही शिकवाव्या लागल्या. हे न करता नुसता आकडा लिहिणे म्हणजे परक्याचे नाव आपल्या वंशावळीत घुसडणे. संगणक मध्येच थिजतो. म्हणूनच ओळ लिहिणाऱ्याने यंत्र हाताशी घेऊन ते चालवून पाहावे लागते, आणि २००४ पासून प्रत्येक बदलाखाली नावाची सहीही करावी लागते. मला ही सहीची चाल फार आवडली. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर खाडाखोड केली तरी शेजारी सही लागते!

नेटझेन २००९ साली क्यूलॉजिकने घेतली, क्यूलॉजिक २०१६ साली कॅव्हियमने, आणि कॅव्हियम २०१८ साली मार्व्हेलने. पाट्या बदलत गेल्या. ते जुने कार्ड मात्र आज कोणी संगणकात बसवले, तर विचारल्याबरोबर आपले घराणे ४०४० असेच सांगते.