फडताळातला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, तह येतात. आज मी तुम्हांला फार लहान जागेत नेणार आहे. ही जागा दोन हात उंच, दीड हात रुंद आणि जेमतेम दीड वीत खोल. तिचं नाव फडताळ.

आपल्याकडची जुनी घरं आठवा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि माणसं दहा-बारा. दिवसा जिथं निवडण-टिपण चालायचं, तिथंच रात्री अंथरुणं पडायची. अशा घरात जमिनीवर कपाट मांडणं परवडत नसे. भिंती मात्र दगडमातीच्या, चांगल्या जाडजूड. म्हणून आपल्या लोकांनी जागा शोधली ती भिंतीच्या पोटात. भिंत चढवतानाच एक पोकळी सोडायची, वरचा भार पेलायला माथ्यावर लाकूड घालायचं, आत दोन-तीन फळ्या बसवायच्या आणि बाहेरून झडपा व कडी-कोयंडा लावायचा. झालं फडताळ! झडपा नसल्या तर तो कोनाडा, आणि पणतीपुरताच असला तर ती दिवळी.

यात विचार पुष्कळ होता. पोकळी फार रुंद केली तर भिंत दुबळी होते, म्हणून फडताळ अरुंद. अगदी जमिनीलगत ठेवलं तर ओल आणि वाळवी लागते, म्हणून ते कमरेच्या उंचीपासून वर. आणि खोली कमी, हीच त्याची खरी खुबी. आत हात घातला की लगेच मागची भिंत लागते. त्यामुळे एका वस्तूमागे दुसरी दडून राहत नाही. झडप उघडली की सगळा संसार नजरेसमोर. आज आपण मोठमोठी कपाटं घेतो आणि मागच्या बाजूला काय आहे ते वर्षभर आपल्यालाच ठाऊक नसतं!

माझ्या आजोळी माजघरात असं एक फडताळ होतं. त्याला तीन फळ्या. खालच्या फळीवर रोज लागणाऱ्या वस्तू, मधल्या फळीवर सुंठ, हळकुंड, वेखंड असं घरगुती औषध, आणि वरच्या फळीवर मुलांचा हात पोहोचू नये असं सगळं. आजी अंधारातसुद्धा हवी ती वस्तू काढून देई. जागा लहान होती म्हणूनच प्रत्येक वस्तूचं ठिकाण ठरलेलं होतं.

त्या वरच्या फळीवर लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. दप्तर म्हणत त्याला. मुलं शाळेत नेतात तेही दप्तरच, आणि शब्दही तोच. पूर्वी सरकारी काय, घरचे काय, महत्त्वाचे कागद चौकोनी रुमालात ठेवीत. कागद गुंडाळायचे किंवा घडी घालायचे, एका विषयाचे एकत्र करून त्यांचं पुडकं बांधायचं, आणि अशी पुडकी रुमालात घालून चारी टोकांची गाठ मारायची. दोन-तीन पिढ्यांचं देणंघेणं, वाटण्या, जमिनीचे तंटे असं सगळं एका फळीवर मावे. कापडातून थोडी हवा खेळे आणि धूळ बाहेर राहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागदही असेच रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतून निवडलेले कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले.

आता आमच्या गाठोड्याचं काय झालं ते सांगतो. मी आठवीत असताना आजोळचं घर पाडून नवं बांधायचं ठरलं. आजोबा वारले होते. कागद मोडीत होते आणि मोडी वाचणारं घरात कुणी उरलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, ‘जुनाट आहे, बंबात घाला.’ आणि वाचकहो, ते कागद बंबात घालणारा मीच होतो. दोन दिवस आमचं अंघोळीचं पाणी त्यावर तापलं. पुढं एम्.ए.ला इतिहास घेतला, मोडी शिकलो, तेव्हा आपण काय जाळलं ते उमगलं. नेमकं काय जाळलं, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते अशाच कागदांसाठी. मोठ्या घराण्यांचे वाडे आणि साध्या माणसांची घरं त्यांनी धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढं एकंदर २२ खंड झाले. कुणाच्या तरी घरी ते कागद जपून ठेवलेले होते, म्हणूनच ते राजवाड्यांना सापडले.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. फडताळ आणि दप्तर ही लिहित्या-वाचत्या, जमीनजुमला असलेल्या घरांची मिरास. कुडाच्या झोपडीला फडताळ कुठलं? तिथं आढ्याला टांगलेलं शिंकं, मडक्यांची उतरंड, शेणानं सारवलेली कणगी. उतरंडीतल्या कोणत्या मडक्यात बियाणं आणि कोणत्यात चार पैसे, हे घरची बाईच जाणे. त्या घरांचा इतिहास कागदावर नाही. तो म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे, आणि त्यांच्याबरोबर तोही जातो.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी विनंती आहे. मुलांना एक घरचा अभ्यास द्या. घरात वस्तू कुठं आणि कशा ठेवीत, हे आजी-आजोबांना विचारून लिहून आणायला सांगा. ज्यांच्या घरी शिंकं होतं त्यांनी शिंक्याचं लिहावं, ज्यांच्या घरी फडताळ होतं त्यांनी फडताळाचं.

आणि जुनं घर पाडायला काढणाऱ्यांना एवढंच सांगणं, की पहिली पहार घालण्यापूर्वी फडताळाची वरची फळी हातानं चाचपून पाहा. गाठोडं निघालं तर पुडक्यांचा क्रम मोडू नका. कागद उन्हात टाकू नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ त्यानंतर निघालं, ते याच कामासाठी. कागद द्यायचे नसतील तर निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा.

हे वाचून एका घरातलं एक गाठोडं जरी बंबापासून वाचलं, तरी माझ्या माथ्यावरचं ओझं थोडं हलकं होईल.